शटर दाबल्यानंतर

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाहीत. त्याच्यावर दाटीवाटीने बसवलेल्या लाखो प्रकाशग्राही बिंदूंपैकी प्रत्येक बिंदू एकच गोष्ट मोजतो: शटर उघडे असताना आपल्यावर किती प्रकाश पडला. रंगाची माहिती मिळावी म्हणून प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी लावलेली असते. ही मांडणी कोडॅक कंपनीतले शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांची. तिचे पेटंट १९७६ मध्ये मिळाले आणि आजही बहुतेक कॅमेरे आणि मोबाइल फोन तिच्याच कुठल्या ना कुठल्या रूपावर चालतात. तिच्यात निम्म्या गाळण्या हिरव्या असतात, पाव लाल आणि पाव निळ्या. कारण उजेडातले बारीकसारीक फरक माणसाच्या डोळ्याला हिरव्या पट्ट्यात सर्वांत चांगले जाणवतात. म्हणजे एका बिंदूला तीनपैकी एकच रंग मोजता येतो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने काढावे लागतात. छापून भिंतीवर लावलेल्या फोटोतली दोनतृतीयांश रंगमाहिती अशी गणिताने भरलेली असते.

या हिशेबाशिवाय फोटो दिसूच शकत नाही. त्यामुळे ‘आमच्या फोटोला एडिटिंगचा हातही लागलेला नाही’ असे जेव्हा अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा ते पूर्णपणे खरे नसते. कॅमेऱ्यातून थेट मिळणारी जेपेग फाइलसुद्धा एडिट झालेलीच असते. रंग जुळवणे, उजेड-सावलीतला फरक वाढवणे, कडा धारदार करणे, दाणे पुसणे ही सगळी कामे कॅमेऱ्यातली चिप क्षणार्धात उरकते आणि उरलेला कच्चा माल फेकून देते. एकाच दृश्याचे दोन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो वेगळे दिसतात, त्यामागे बव्हंशी हेच कारण असते. कुठल्या कंपनीला त्वचा किती उबदार आणि आकाश किती निळे आवडते, हे तिच्या तंत्रज्ञांनी आधीच ठरवून ठेवलेले असते. तेव्हा प्रश्न एडिटिंग करावे की नाही, हा नाही. ते कोणी करावे आणि कशासाठी करावे, हा आहे.

हे निर्णय स्वतःच्या हातात ठेवायचे असतील, तर छायाचित्रकार कॅमेरा ‘रॉ’वर ठेवतो. रॉ फाइल म्हणजे सेन्सरने मोजलेले आकडे, जवळपास जसेच्या तसे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला काळ्यापासून पूर्ण प्रकाशापर्यंत २५६ पायऱ्या मिळतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. पण या पायऱ्यांची वाटणी सारखी नसते. सेन्सर प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो: दुप्पट प्रकाश, दुप्पट आकडा. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याच्या एका टप्प्याला छायाचित्रकार स्टॉप म्हणतात. त्यामुळे सर्वांत उजळ स्टॉपच्या वाट्याला १६,३८४ पैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या जातात. त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, त्याखालच्याला २,०४८. अशा उतरंडीने गडद सावलीपर्यंत पोहोचेतो हाताशी मोजक्याच पायऱ्या उरतात. अंधारात काढलेला फोटो नंतर उजळवला की सावल्यांत दाणे आणि रंगांचे डाग उठतात, त्याचे एक मोठे कारण इथे आहे: तिथे मुळात माहितीच थोडी होती.

दुसऱ्या टोकाला वेगळाच धोका असतो. बिंदूची प्रकाश साठवण्याची क्षमता संपली, की घागर भरल्यावर पाणी वाहून जावे तसा पुढचा सगळा प्रकाश वाया जातो. तिथे फोटोत निव्वळ पांढरा डाग उरतो आणि कुठल्याही सॉफ्टवेअरला त्यातून ढग किंवा शालूची जर परत काढता येत नाही. म्हणून जाणकार छायाचित्रकार फोटो काढतानाच हिस्टोग्रामकडे पाहतो. हा छोटा आलेख डावीकडच्या काळ्यापासून उजवीकडच्या पांढऱ्यापर्यंत कुठल्या उजेडाचे किती बिंदू आहेत ते दाखवतो. तो उजव्या भिंतीला टेकू न देता शक्य तितका उजवीकडे ठेवला, तर एडिटिंगला सर्वांत जास्त माल मिळतो. चांगले एडिटिंग शटर दाबण्याआधी सुरू होते ते असे.

एडिटिंग संगणकाबरोबर आले, असे मानण्याचे कारण नाही. १८५० च्या दशकातल्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत. समुद्राच्या दृश्यात पाण्याला पुरेल इतका प्रकाश दिला की आकाश कोरे पडे. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास यावर तोड काढली. समुद्राची एक प्लेट, आकाशाची दुसरी, आणि दोन्ही क्षितिजाशी जुळवून एकाच कागदावर छापायच्या. आजचा फोन ‘एचडीआर’ या नावाखाली वेगवेगळ्या फ्रेम जोडून जे साधतो, त्याचा मूळ विचार हाच. १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र करून एक भव्य रूपकात्मक चित्र उभे केले आणि त्यावर तेव्हाही वाद झाले. भारतात एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओंतून चित्रकार बसलेले असत. ते काळ्या-पांढऱ्या फोटोवर जलरंगांनी पागोटे, दागिने, गालिचे रंगवून देत. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने ‘टचिंग’ करणारा कारागीर तर अलीकडेपर्यंत अनेक स्टुडिओंत होता. निगेटिव्हमध्ये चेहऱ्यावरचा काळा व्रण पारदर्शक दिसतो. तिथे पेन्सिलीचे शिसे भरले की तेवढाच प्रकाश अडतो आणि छापात डाग नाहीसा होतो.

डार्करूमचे काम किती खोल जाऊ शकते, हे पाहायचे तर अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांचे ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ पाहावे. १९४१ च्या शरद ऋतूत, मावळत्या उन्हात, रस्त्याकडेच्या एका गावाचे चर्च आणि स्मशानातले पांढरे क्रूस अजून उजळलेले होते आणि वर चंद्र आला होता. अ‍ॅडम्स यांना प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती. तिच्यावरून त्यांनी हिशेब केला आणि एक निगेटिव्ह घेतले. दुसरे घेईपर्यंत क्रूसांवरचे ऊन गेले होते. त्या एकुलत्या निगेटिव्हमध्ये खालचा भाग फार पातळ उतरला होता. १९४८ मध्ये त्यांनी तो रसायनाने गडद करून घेतला, आणि पुढची कित्येक वर्षे त्या निगेटिव्हवरून हजाराहून अधिक छाप काढताना आकाश क्रमाक्रमाने काळे करत नेले. सुरुवातीच्या छापांत चंद्राच्या वर फिकट ढगांचे पट्टे दिसतात. नंतरच्या छापांत तिथे जवळपास निर्भेळ काळोख आहे. निगेटिव्ह तेच, क्षण तोच, पण चित्र बदलले. त्यासाठीची दोन तंत्रे अशी: छापताना हवा तो भाग झाकून उजळ ठेवणे म्हणजे डॉजिंग, आणि हवा तिथे जादा प्रकाश पाडून गडद करणे म्हणजे बर्निंग. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी घडवलेले फोटोशॉप फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आले; डार्करूमचे हे शब्द पुढे त्यातही आले. डॉजसाठी काडीवरची छोटी चकती आणि बर्नसाठी वळवलेला पंजा ही चिन्हे त्यात आजही आहेत. डार्करूममधले कारागीर नेमके असेच करत.

आजच्या एडिटिंगचा क्रम समजून घ्यायला महाराष्ट्रातल्या कुठल्याही मंगल कार्यालयातला फोटो पुरे. मंगलाष्टके चालू आहेत. वधू-वरांमध्ये अंतरपाट धरलेला आहे. छताला हिरवट झाक असलेल्या ट्यूबलाइट, समोरून व्हिडिओवाल्याचा पिवळा दिवा, उजवीकडच्या खिडकीतून दुपारचा निळसर उजेड. माणसाचा मेंदू हे सगळे आपोआप सांभाळून घेतो आणि अंतरपाट पांढराच पाहतो. कॅमेऱ्याला मात्र तो एका टोकाला पिवळट आणि दुसऱ्या टोकाला निळसर दिसतो.

पहिले काम म्हणजे व्हाइट बॅलन्स. प्रकाशाच्या रंगाचे तापमान केल्विनमध्ये मोजतात. साध्या बल्बचा प्रकाश २,८०० च्या आसपास, भर दुपारचे ऊन ५,५०० च्या आसपास, सावलीतला उजेड ७,००० च्याही वर. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रंग टिपणारी नळी अंतरपाटाच्या पांढऱ्या भागावर टेकवली, की ‘हे पांढरे आहे’ असे धरून बाकीचे रंग सरकतात. त्यावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकावर टेकवली, तर सगळा फोटो हिरवा-निळा होईल. पण एका क्लिकने काम संपत नाही. व्हिडिओवाल्याच्या दिव्यात अंतरपाट पांढरा झाला, की खिडकीपाशी उभ्या असलेल्या मावशी आणि आत्या निळ्या पडतात. तेव्हा तेवढ्या भागावर मास्क घालून त्यांचे रंग वेगळे सावरावे लागतात. मिश्र उजेडाच्या लग्नात एडिटरचा बराचसा वेळ इथेच जातो आणि अल्बम पाहणाऱ्या कुणाच्याही ते लक्षात येत नाही. लक्षात येत नाही, यातच त्या कामाचे यश असते.

त्यानंतर उजेड. एकंदर प्रकाश बसवून झाला की जरीवरची चकाकी थोडी उतरवायची आणि फेट्याच्या सावलीत बुडालेले नवरदेवाचे डोळे थोडे वर काढायचे. ‘थोडे’ हा शब्द इथे महत्त्वाचा. सावल्या पूर्ण उघडल्या तर चेहऱ्याची गोलाई जाते आणि फोटो सपाट होतो; सगळीकडे सारखाच उजेड असलेले दृश्य प्रत्यक्षात कुठेच नसते. उजेड-सावलीतला फरक कर्व्हने वाढवला की रंगही आपोआप गडद होतात. म्हणून सॅच्युरेशनला हात नंतर लावावा, आणि बहुधा लावावाच लागत नाही. हळदीचा पिवळा आणि शालूचा हिरवा आधीच इतके तेज असतात, की त्यांना आणखी ओढले तर कापडाची वीणच दिसेनाशी होते.

फ्रेमच्या कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची, पाण्याची बाटली, व्हिडिओवाल्याची वायर असते. ती क्रॉपने जाते, नाही गेली तर पुसता येते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, वाढवून काढलेल्या फोटोत दाणे असतात. ते पुसण्याच्या भरात गजऱ्यातली फुले एकजीव होतात आणि आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जातात, म्हणून हा हातही आखडता ठेवावा लागतो. कडा धारदार करण्याचे ‘अनशार्प मास्क’ हे तंत्रही डार्करूममधलेच: निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली प्रत तिच्यावर ठेवून छाप काढला की कडा उठून दिसत. संगणक तेच आकड्यांत करतो. अति झाले की केसांभोवती आणि डोंगराच्या रेषेभोवती पांढरी किनार उमटते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या सह्याद्रीच्या कित्येक फोटोंत ती स्पष्ट दिसते.

या कामाची एक फार मोठी सोय म्हणजे मूळ फाइलला धक्का लागत नाही. रॉ फाइल तशीच राहते आणि केलेले बदल सूचनांच्या यादीसारखे वेगळे साठवले जातात. दहा वर्षांनी तीच फाइल पुन्हा उघडून, सुधारलेल्या सॉफ्टवेअरने, अधिक चांगला फोटो काढता येतो.

एका सवयीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. लग्नाच्या फोटोत नवरीला ‘उजळ’ करून देण्याची पद्धत अनेक ठिकाणी गृहीतच धरली जाते. त्वचेवरचे रंध्र न् रंध्र पुसायचे, सावळा रंग दोन-तीन छटा वर न्यायचा, गाल सारखे करायचे. फोनवरच्या ‘ब्यूटी’ मोडमध्ये तर हे न विचारता होते. मुरूम आठवड्यात जाणारा असतो. तो पुसण्यात गैर काही नाही. त्वचेचा रंग ही त्या व्यक्तीची ओळख असते. तो बदलून दिलेला फोटो तिला हेच सांगतो, की तुझे खरे रूप अल्बममध्ये ठेवण्याजोगे नव्हते. तांत्रिकदृष्ट्याही हे वाईट काम आहे, कारण सावळी त्वचा जबरदस्तीने उजळवली की ती राखाडी होते आणि तिच्यातली ऊब जाते. सावळ्या चेहऱ्याला प्रकाश योग्य दिशेने आणि पुरेसा दिला, तर त्याच्यावरची चमक फोटोत अतिशय सुंदर उतरते, आणि मग एडिटिंगमध्ये करायला फारसे काही उरत नाही. जाहिरातींतल्या अशा बदलांवर काही देशांनी कायदे केले आहेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलची शरीरयष्टी बारीक किंवा जाड केली असेल, तर तसे जाहिरातीत छापावे लागते. नॉर्वेत २०२२ पासून शरीराचा आकार, आकारमान किंवा त्वचा बदलली असेल तर जाहिरातीवर खूण करणे बंधनकारक आहे.

तयार फोटो कशावर पाहिला जाणार, यावर शेवटची पायरी ठरते. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद पडलेला प्रकाश परत पाठवतो. त्यामुळे पडद्यावर छान दिसणारा फोटो छापून आला की काळपट वाटतो. छपाईच्या चार शाईंना पडद्यावरचे सगळे रंग झेपतही नाहीत. कास पठारावरचा झगझगीत जांभळा किंवा पावसाळ्यातला पोपटी मासिकाच्या पानावर मंद पडतो, तो छापखान्याच्या हलगर्जीपणामुळेच असे नाही.

बातमीच्या फोटोला मात्र वेगळा न्याय लागतो. लग्नाच्या अल्बममधली खुर्ची पुसली तर कुणाची फसवणूक होत नाही. बातमीतल्या फोटोतून एखादी वस्तू गेली तर ती खोटी साक्ष ठरते. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या अंकात गिझाचे पिरॅमिड उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून एकमेकांजवळ सरकवले, त्यावर मोठी टीका झाली. जून १९९४ मध्ये खुनाचे आरोपी ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो टाइम आणि न्यूजवीक या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठावर आला. टाइमने तो बराच काळवंडून छापला होता. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन अंकांत कुणालाही तो फरक दिसत होता. तिथे काही पुसले नव्हते, काही जोडले नव्हते. फक्त उजेड कमी केला होता, आणि एका कृष्णवर्णीय आरोपीचा चेहरा अधिक भीतिदायक झाला होता. टोन बदलणे हे नेहमीच निरुपद्रवी असते, या समजुतीला या उदाहरणाने कायमचा तडा दिला.

२००६ मध्ये बैरूतवरच्या हल्ल्याच्या एका फोटोत धुराचे लोट क्लोन करून वाढवलेले आढळले, तेव्हा रॉयटर्स या वृत्तसंस्थेने त्या छायाचित्रकाराचे सगळे ९२० फोटो आपल्या संग्रहातून काढून टाकले. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ साली उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचलेल्या फोटोंपैकी सुमारे २० टक्के मूळ फाइलशी ताडून पाहिल्यावर बाद झाले. त्याच वर्षी रॉयटर्सने आपल्या स्वतंत्र छायाचित्रकारांना कळवले, की रॉ फाइलवरून केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्याने दिलेले जेपेगच द्या. वेग आणि विश्वासार्हता ही दोन कारणे त्यामागे होती. हा नियम समजण्याजोगा असला, तरी जेपेगला निखळ मानणे योग्य नाही. वृत्तसंस्थांचा जुना दंडक अधिक नेमका आहे: डार्करूममध्ये जेवढे उजळवणे-गडद करणे रूढ होते तेवढे चालेल, पण काही जोडू नये, काही काढू नये, आणि पाहणाऱ्याचा समज फिरेल इतका टोन बदलू नये.

फोनने हा सगळा प्रश्न पुन्हा ढवळून काढला आहे. फोनचा सेन्सर बोटाच्या नखापेक्षा लहान असतो, म्हणून तो एका वेळी एक फोटो काढतच नाही. बटण दाबण्याच्या आगेमागे अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर जुळवतो आणि सरासरी काढतो. नऊ फ्रेमच्या सरासरीने दाणे एकतृतीयांशावर येतात, सोळांच्या सरासरीने पावावर. गूगलने २०१८ मध्ये आणलेले ‘नाइट साइट’ या तत्त्वावर अंधारात फोटो काढते. इथपर्यंत सगळे प्रत्यक्ष मोजलेल्या प्रकाशावर आधारलेले आहे. पुढची पायरी वेगळी आहे. २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला आणि दुरून सॅमसंगच्या फोनने टिपला. फोनने त्यात विवरे आणि डाग भरून दिले. पडद्यावर ती नव्हतीच. हा चंद्र आहे हे फोनने ओळखले आणि आधी शिकलेल्या चंद्रावरून तपशील आणला. त्याच वर्षी फोटोशॉपमध्ये ‘जनरेटिव्ह फिल’ आले आणि फोटोत जे कधी नव्हतेच ते शब्दांनी सांगून भरण्याची सोय झाली. हिशेबाने रंग काढणे आणि अंदाजाने वस्तू निर्माण करणे यांतली रेषा इथे ओलांडली जाते.

त्यावरचा उपाय फोटोसोबत त्याचा इतिहास जोडण्याचा आहे. अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी आदींनी २०२१ मध्ये सी२पीए ही संस्था सुरू केली. तिच्या पद्धतीत फोटो कुठल्या कॅमेऱ्याने काढला आणि नंतर त्यात काय बदल झाले, याची सांकेतिक सही केलेली नोंद फाइलमध्ये राहते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला लायकाचा एम११-पी हा ही सोय असलेला पहिला कॅमेरा. मात्र ही नोंद फाइलबरोबर टिकली तरच उपयोगी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान केली जाते आणि तिच्यातली तारीख, कॅमेरा, जागा ही माहिती गळून पडते. महत्त्वाचे फोटो तिथे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत, आणि लग्नाच्या अल्बमबरोबर छायाचित्रकाराकडून मूळ पूर्ण आकाराच्या फाइलीही मागून घ्याव्यात.